डेक्स्टर मार्गावरील दफ्तर

आलाबामा नदीच्या धक्क्याकडून कॉमर्स रस्त्याने वर आले की मॉन्टगोमेरीचा कोर्ट चौक लागतो. मधोमध कारंजे आहे; त्याच्या आसमंतात, यादवी युद्धापूर्वी, आगबोटीने आणि पुढे आगगाडीने आणलेल्या गुलामांचे जाहीर लिलाव होत. तेथून पूर्वेस चढत जाणारा डेक्स्टर मार्ग अर्ध्या कोसाच्या आत राज्याच्या शुभ्र घुमटाच्या कॅपिटॉलपाशी संपतो. १८६१ च्या फेब्रुवारीत जेफरसन डेव्हिसने, गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या अध्यक्षपदाची शपथ जेथे घेतली, ती जागा त्या भवनाच्या देवडीत एका धातूच्या ताऱ्याने दाखविली आहे. आणि तेथून हाकेच्या अंतरावर, उताराला, विटांचे एक आटोपशीर चर्च आहे, ज्याचे धर्मोपदेशकपद १९५४ पासून १९६० पर्यंत मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे होते.

दुरून ऐकताना वर्णद्वेष हा माथेफिरू जमावाचा उन्माद वाटतो. या रस्त्यांवरून हिंडताना मात्र ध्यानात येते की त्याचा रोजचा आधार ठराव, हुकूम आणि तिकिटे यांचा होता. शहराच्या बसमधील पुढल्या दहा जागा गोऱ्यांकरिता राखीव असत. काळ्या उतारूने पुढच्या दाराने चढून भाडे द्यावे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढावे, आणि तेवढ्यात गाडी निघून गेलीच तर भाड्यावर पाणी सोडावे, अशी वहिवाट होती. १९५५ च्या मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीने जागा सोडण्याचे नाकारले, तेव्हा तिला अटक झाली; १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांनी तेच केले. दिवसभराच्या शिवणकामाने थकलेली एक साधी बाई, अशी त्यांची जी कथा सांगितली जाते, तिच्यातून पार्क्स या नागरी हक्कांच्या एका संघटनेच्या शाखेच्या चिटणीस होत्या, ही गोष्ट सोयीस्करपणे गळून पडते.

अंमल जितका नेटका, तितकाच त्याचा प्रतिकारही नेटका निघाला. जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात महाविद्यालयाच्या यंत्रावर हजारो पत्रके छापून काढली, आणि ५ डिसेंबरपासून काळ्या प्रजेने जो बसवर बहिष्कार घातला, तो ३८१ दिवस चालला. सुमारे ३०० खासगी मोटारी, त्यांचे ठरलेले थांबे आणि ठरलेल्या वेळा, असे एक प्रतिखातेच उभे राहिले; आणि त्याच्या खर्चासाठी जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने बायकांचे एक मंडळ काढून केक आणि पाई विकले, ज्याची गिऱ्हाइके, नकळत का होईना, गोरी माणसेही होती. आरंभीच्या मागण्या तर इतक्या माफक होत्या की बसमधील वर्णभेद मोडावा असेही त्यांत नव्हते. सौजन्याने वागवावे, काळ्यांना मागून आणि गोऱ्यांना पुढून, येईल तशी बैठक द्यावी, आणि काळ्या वस्त्यांच्या मार्गांवर काळे चालक नेमावेत, एवढेच मागणे होते. नगरपालिकेने आणि बस कंपनीने तेही नाकारले, आणि तेव्हा कोल्विनसह चार स्त्रियांच्या नावे फिर्याद दाखल होऊन वर्णभेदाच्या मुळावरच घाव पडला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी, मोटारींची ही सोय बंद पाडणारा मनाई हुकूम मिळविण्यासाठी नगरपालिकेचे वकील स्थानिक न्यायालयात उभे असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांच्या बाजूने निकाल दिल्याची वार्ता तेथे येऊन थडकली.

निकाल झाला म्हणून अंतःकरणे पालटली असे नाही. शहरातील ओक पार्क हे उद्यान सर्वांस खुले करण्याची वेळ आली, तेव्हा नगरपालिकेने १९५९ च्या आरंभी आपली सारीच उद्याने बंद केली, प्राणिसंग्रहालयातील जनावरे विकली आणि पोहण्याचा तलाव बुजवून टाकला. १९६५ साली उद्यान उघडले ते तलावाविना. शेजाऱ्याला मिळू नये म्हणून आपले पाणी आपणच मातीत घालणाऱ्या माणसांशी संवाद कोठून आणि कसा आरंभावा, हा प्रश्न मनात घेऊनच मी २०१८ साली उघडलेल्या शांती-न्याय स्मारकाच्या टेकडीवर गेलो.

तेथे गंजाच्या रंगाचे ८०० हून अधिक पोलादी स्तंभ आहेत. प्रत्येक एका कौंटीचा, आणि त्यावर, १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार केलेल्या तेथील काळ्या माणसांची नावे. आरंभी ते डोळ्यांसमोर असतात. मग जमीन हळूहळू उतरत जाते आणि ते माथ्यावर लोंबू लागतात. बाहेर त्यांच्या प्रतिकृती मांडून ठेवल्या आहेत. प्रत्येक कौंटीने आपली प्रत मागून न्यावी, अशी मूळ योजना होती. शहरातील संग्रहालयात काचेच्या बरण्यांत हत्येच्या ठिकाणची माती भरलेली आहे, वर नाव आणि तारीख. ती माती त्या त्या गावच्या लोकांनी, कित्येकदा बळींच्या वंशजांनी गोऱ्या शेजाऱ्यांसह, खणून आणलेली. आणि संभाषण सुरू होते ते या नाव-तारखेपाशीच, कारण मोघम खेदाला तेथे जागाच उरत नाही.

१९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील विद्वान ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले. काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचून, अस्पृश्यांनीही तसे करावे असा विचार चालल्याचे कळवून, त्यांनी मागितले ते इतकेच, की त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळाव्यात. अन्यायाचा अंमल कागदावर चालतो हे ज्याने पुरते जाणले होते, त्याने सहानुभूतीच्या आधी प्रती मागाव्यात, यात मला नवल वाटले नाही. मॉन्टगोमेरी पाहिल्यावर तर मुळीच नाही.