संशयी थॉमसच्या चर्चमध्ये

कामानिमित्त चेन्नईला गेलो होतो, तेव्हा सांथोम कॅथेड्रल पाहून आलो. पांढरंशुभ्र, टोकदार कमानींचं, आकाशात घुसलेला उंच मनोरा. पोर्तुगीजांच्या जुन्या चर्चच्या जागी इंग्रजांच्या काळात, 1896 मध्ये, ही निओ-गॉथिक वास्तू उभी राहिली. खाली सेंट थॉमसची समाधी आहे.

थॉमस म्हणजे येशूचा तो शिष्य, जो म्हणाला होता की जखमांना हात लावून पाहीन, तेव्हाच मानेन. आम्हा बातमीदारांचा संत खरं तर हाच! (व्हॉट्सॲपच्या जमान्यात तर फारच.)

चर्चच्या मागे समुद्राच्या अंगाला एक लाकडी खांब आहे. समुद्र तो ओलांडणार नाही, असं थॉमसने सांगितल्याची आख्यायिका. 2004 च्या त्सुनामीत चर्चला काही झालं नाही, ते या खांबामुळेच, असं भाविक सांगतात. मी हात जोडले. कुणाच्या श्रद्धेची टिंगल करणं आपल्याला जमत नाही.

पण बातमीदाराचं डोकं गप्प बसत नाही ना. त्याच रविवारी सकाळी, 26 डिसेंबरला, जवळच्याच मरीना बीचवर फिरायला आलेली माणसं, क्रिकेट खेळणारी पोरं लाटेने ओढून नेली. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. वाचलेल्या चर्चची गोष्ट दर पर्यटकाला सांगतात. त्या वस्त्यांचं काय, म्हणून मी तिथल्या एकाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

तो म्हणाला, "सर, त्यांची घरं तर वाळूतच होती."