पावाची पावती

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. नाना पेठेतल्या सिटी चर्चमधील सकाळची मिस्सा आटोपून आम्ही क्वार्टर गेटजवळच्या एका बेकरीत शिरलो. आमच्या पुढच्या बाईंनी अर्धा किलो खारी घेतली. पाठोपाठ आम्ही म्हणालो, ‘पाव द्या.’ काउंटरवरच्या मुलाने तत्परतेने पाव किलो खारी तोलून आमच्या हाती ठेवली! चूक त्याची नव्हती. असलीच तर शब्दाची होती. आम्ही निमूटपणे खारी घेऊन घरी आलो आणि दिवसभर तो दोन अक्षरी शब्द मनात घोळत राहिला.

मराठीत ‘पाव’ एक नव्हे, तीन आहेत. पावशेर, पावकीचा पाढा, चार आण्यांची पावली यांतला पाव संस्कृत ‘पाद’पासून आला. (पंचवीस पैशांचे नाणे जून २०११ अखेर चलनातून गेले आणि पावलीचे नावही त्याच्याबरोबर गेल्यासारखेच आहे.) पाद म्हणजे पाय. जनावराचे पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. क्वार्टर गेटच्या नावातला इंग्रजी ‘क्वार्टर’ हा शब्दही मुळात चौथा हिस्साच. पुढे तो शहराच्या भागाला आणि राहत्या जागेला लागला. दुसरा पाव ‘पावणे’ या क्रियापदातला, त्याचे मूळ ‘प्राप्’. देव नवसाला पावतो तो हा, आणि पैसे पोचल्यावर मिळते ती पावतीही यातलीच.

तिसरा, खाण्याचा पाव, मात्र समुद्रावरून आला. लॅटिन ‘पानिस’चे पोर्तुगीजांच्या तोंडी ‘पांव’ झाले, शेवटचा सूर नाकातला. गोव्याच्या कोकणीने तो सूर जपला. पोर्तुगीज ‘पादेइरु’चा ‘पोदेर’ होऊन तोही तेथे नांदला. आपण मात्र घाट चढताना नाकातला सूर खाली टाकून आलो. गंमत अशी की, पोर्तुगीज भाषेत नाकात न उच्चारलेल्या ‘पाउ’चा अर्थ काठी! लिस्बनच्या बेकरीत कोणी पुणेरी थाटात पाव मागितला, तर दुकानदार बुचकळ्यातच पडेल.

१५४३ साली पोर्तुगीज जपानला पोचले, आणि तेथे पावाला ‘पान’ हे नाव मिळाले ते आजतागायत. इंग्रजी ‘कंपनी’च्या पोटातही तोच पानिस दडला आहे : ज्याच्याबरोबर भाकर मोडावी तो सोबती, आणि अशा सोबत्यांचा जथा ती कंपनी. १८१८ साली पेशवाई बुडवणाऱ्या कुंपणी सरकारच्या नावात भाकरीची सोबत असावी, याला काय म्हणावे!

हे सारे धुंडाळण्याचे आम्हांला काय अडले होते, तेही सांगायला हवे. शाळेत ‘पाववाले’ हीच आमची ओळख होती. ‘पाव पायाने तुडवतात, म्हणून त्याला पाव म्हणतात,’ असे एका गुरुजींनी भर वर्गात सांगितले आणि सारा वर्ग आमच्याकडे वळून हसला. पण आमच्या घरी पाव खात होते कोण? आमचे आजोबा नगर जिल्ह्यातून पोटासाठी पुण्यात आले, ते बाजरीच्या भाकरीचे फडके काखेत मारून. घरात कोणाला ताप आला तरच चहात बुडवून द्यायला पाव येई. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटवल्याच्या कथा वसईकडे नि गोव्याकडे सांगतात. त्या विहिरींचे पाणी आमच्या वाडवडिलांनी डोळ्यांनीही पाहिले नव्हते. आणि ज्या पेशव्यांच्या घराण्यातील चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्याच घराण्यातील सवाई माधवरावांनी १७९२ साली आपल्या फौजेतील ख्रिस्ती शिपायांच्या प्रार्थनेसाठी सिटी चर्चला जागा दिली. यातले काहीच त्या दिवशी वर्गात उभे राहून सांगता आले नाही. पायाचा पाव वेगळा आणि खायचा पाव वेगळा, हे कळायला आम्हांला पन्नाशी उलटावी लागली. तोवर गुरुजी देवाघरी गेले होते.

आता पुण्यात वडापाव खाताना कोणी कोणाला पाववाला म्हणत नाही. (मिसळीबरोबर पाव की स्लाइस, हा वाद तेवढा उरला आहे, त्यात आम्ही पडत नाही.)

आमच्या आजीला मात्र ‘पाववाले’ कधी खुपलेच नाही. मिस्सा मराठीत आली ती १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेमुळे. त्याआधी ती लॅटिनमध्ये होई. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचे मागणे आले की फादरांच्या तोंडून ‘पानेम’ हा शब्द येई. आजीच्या कानी तो ‘पान’ असा पडे. परमप्रसादाची ओस्ती बिनखमिराची, पांढरी, पानासारखी पातळ. त्यामुळे तिची तर खात्रीच पटली होती. ‘फादर देवाला म्हणतात, आमचं पान वाढ,’ असे ती आम्हांला सांगे. आम्ही हसलो तरी तिचे काही बिघडत नसे. मिस्साहून घरी आली की लुगड्याचा पदर खोचून ती ओळीने पाट मांडी, आमची पाने घेई, आणि तव्यावरची पहिली भाकरी मोडून तिचे वाफाळते तुकडे एकेकाच्या ताटात टाकी.