कोड फक्त पत्ता सांगतो

रावेरला गेलो की चुलतभावाच्या पिकअपमधून एक चक्कर ठरलेली. या वेळी ती गॅरेजपर्यंतच झाली. रिकामी गाडी नीट चालायची. केळीचा माल भरून पालच्या चढाला लागली की दम सोडायची आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा.

मी पुण्याहून ब्लूटूथ स्कॅनर आणला होता. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचला. मोबाइलवर कोड आला: पी००८७. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. अर्थ: फ्युएल रेलमधला दाब कमी.

"हाय-प्रेशर पंप गेला," मी जाहीर केलं. भावाचा चेहरा उतरला. नवा पंप म्हणजे त्याचे गाडीचे दोन-तीन हप्ते.

आप्पा मिस्त्री हात पुसत आले. "पंप गेला असं कुठी लिहेल आहे भो? दाब कमी आहे, एवढंच म्हनतो ना तो?"

मी गप्प. ऑफिसात नव्या मुलांना मीच सांगतो की एरर ज्या ओळीवर दिसते, तिथंच बग असतो असं नाही.

"कोड पडला तव्हा गाडी काय करत होती?"

हे मात्र माझ्याकडे होतं. कोड पडतो त्या क्षणाचे आकडे गाडी जपून ठेवते; त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आरपीएम २६००, लोड नव्वद टक्क्यांवर. म्हणजे थोडं डिझेल लागतं तेव्हा पुरतं, जास्त लागलं की कमी पडतं.

"मग पहिले फिल्टर," आप्पा म्हणाले.

फिल्टर काढला. ट्रेमध्ये काळपट, पाणी मिसळलेलं डिझेल पडलं. भावानं मान खाली घातली. पैसे वाचवायला तो शेतातल्या ड्रममधलं जुनं डिझेल टाकत होता.

मी कोड पुसायला लागलो, तर आप्पांनी हात धरला. "आधी आकडे लिहून घे." खरंच होतं, कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते.

नवा फिल्टर बसवून, माल भरून आम्ही त्याच चढाला गेलो. दिवा लागला नाही. भाऊ काही बोलला नाही, फक्त चहाचे पैसे त्यानं दिले.

आप्पा नसते, तर मी पंप मागवलाच असता. तोही पूर्ण खात्रीनं.

स्कॅनर मी आप्पांकडेच ठेवून आलो.