घरची अवजारे

मी गिटार तयार करतो. हा माझा व्यवसाय नाही, छंद आहे. या कामाची खास अवजारे परदेशातून मागवता येतात. पण ती सगळी मागवायची, तर तेवढ्या पैशांत चांगली गिटारच विकत येईल. म्हणून बरीचशी अवजारे मी घरीच केली. खरे सांगायचे तर गिटारीपेक्षा अवजारे करण्यातच मला अधिक गंमत वाटते.

‘अवजार’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतला ‘औजार’ तो हाच.

सर्वांत आधी केली ती लाकूड वाकवायची नळी. गिटारीच्या बाजूच्या पट्ट्या सुमारे 2 मिलिमीटर जाडीच्या असतात. पट्टी ओली करून तापलेल्या नळीवर हळूहळू दाबली, की लाकूड मऊ होऊन वळते आणि निवल्यावर तसेच राहते. उष्णता कमी पडली, तर पट्टी काडकन मोडते. शिसवीच्या एकाच फळीतून काढलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक अशी मोडली, तर तिला शोभेल अशी दुसरी कोठून आणणार? पुण्याच्या जुन्या बाजारातून मी लोखंडी नळीचा एक तुकडा आणला आणि तो आतून गॅसच्या बत्तीने तापवला. पण ही नळी पातळ होती. ओली पट्टी टेकवताच ती थंड पडे. मग जाड नळी आणली आणि ठोकून ती लंबगोल केली. गिटारीच्या कमरेपाशी बाक घट्ट असतो, तर खाली पसरट. आता एकाच नळीवर दोन्ही बाक येतात. नळी तापली की नाही, हे पाण्याचा थेंब सांगतो. तो चुर्र करून टुणकन उडाला, की कामाला लागावे.

बाजूच्या पट्टीला आतून लाकडाची दातेरी पट्टी चिकटवावी लागते. सरस वाळेपर्यंत ती दाबून धरायला पुष्कळ चिमटे लागतात. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे स्वस्त. पण त्यांची पकड ढिली. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मी प्रत्येक चिमट्याच्या तोंडाशी वेढे दिले. आता ते सोडवताना बोटे दुखतात!

सतारीसारखेच गिटारीलाही पडदे असतात. पण सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारीचे पक्के बसवलेले असतात. जागा चुकली, तर वाद्य कायमचे बेसूर होते. तार 650 मिलिमीटर लांब असेल, तर त्या लांबीला 17.817 ने भागावे. पहिला पडदा सुमारे 36.5 मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागावे, की दुसरा. असे करत गेल्यास बारावा पडदा 325 वर, म्हणजे बरोबर मध्यावर येतो. दर वेळी मोजण्याऐवजी मी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सगळ्या खाचा एकदाच पाडून ठेवल्या आहेत. गिटार बदलते, पट्टी तीच राहते.

सगळेच घरी करावे, असे मात्र नाही. कानस विकतचीच घ्यावी. सुरी मात्र मी घरी केली, लोखंड कापायच्या करवतीच्या तुटक्या पात्याची. तिला धार लावताना मला मिरजेची आठवण होते. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तुमच्या उर्दूतला ‘सैकलगर’, शस्त्रांना झिलई करणारा. शस्त्रांचे काम कमी झाले आणि हे हात तंतुवाद्यांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांना पोलादाला धार लावता येते, त्यांना भोपळा आणि लाकूड कापणे किती सोपे गेले असेल!

माझ्या सुरीची मूठ अजून जरा जाड आहे. ती या रविवारी तासायची आहे.