भिवंडीचा ओलावा

कामवारीच्या कांठच्या भिवंडींत शिरतांच मागांचा खडखडाट कानीं पडतो. हवा कोरडी पडली कीं सूत तुटतें, म्हणून विणकर ओलाव्यास फार जपतात. आम्हांस कौतुक वाटलें तें हें कीं, याच गांवाबाहेर गोदामांसाठीं जमीन खणतांना धामणीचीं अंडीं सांपडलीं, तर तीं जगविण्याचें मर्महि ओलावाच होय.

सर्पाच्या अंड्याचें कवच कोंबडीच्या अंड्यासारखें कठीण नसतें; तें चामड्यासारखें मऊ असून भोंवतालची ओल शोषून फुगतें, आणि कोरड्या हवेंत आंत दबतें. यास्तव वनखात्याच्या संमतीनें सर्पमित्र तीं अंडीं झांकणाच्या डब्यांत, नारळाच्या ओलसर भुशांत अर्धवट पुरून ठेवितात. अंडें उलथावयाचें नाहीं, कारण गर्भ वरच्या अंगास चिकटलेला असतो. भुसा मुठींत दाबला असतां गोळा व्हावा, पण थेंब गळूं नये, ही परीक्षा. पाणी अंड्यावर न शिंपडतां कडेनें भुशांत द्यावें. झांकणास बारीक छिद्रें हवींत, कारण गर्भासहि हवा लागते. वैशाखांत कोरडेपणाचें भय, तर श्रावणांत बुरशीचें! सुमारें दोन महिन्यांनीं पिलूं कवच चिरून बाहेर येतें.

मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें हा प्रयोग घरीं करतां येत नाहीं. अंडीं दिसल्यास तीं फोडूं नयेत; वनखात्यास कळवावें. बिनविषारी धामण उंदीर खाऊन आपलेंच धान्य राखते. बेताची ओल सुतास तारते, तशीच तिच्या वंशासहि.