मतभेद

दिल्लीत प्रतिनियुक्तीवर असताना एका शब्दाने मला चांगलेच अडचणीत आणले. तो शब्द म्हणजे मतभेद.

मराठीत 'दोघा भावांत मतभेद आहेत' एवढे म्हटले की ऐकणारा समजतो, बोलणे बंद असावे, वाटणीचा दावाही लागला असेल. दोष 'भेद' या उत्तरपदाचा. भेद म्हणजे नुसता फरक नव्हे, तडाही; साम, दाम, दंड यांच्या पंक्तीत बसणारा तोच. म्हणून तर पुढाऱ्यांना 'मतभेद आहेत, मनभेद नाहीत' अशी मखलाशी करावी लागते. 'भिन्नमत' हा शब्द त्या मानाने सौम्य वाटतो; गंमत अशी की भिन्न आणि भेद दोन्ही एकाच 'भिद्' धातूचे.

शासनाला मतभेदाचे वावडे नाही. केंद्राच्या १९६१ च्या कार्यनियमांत, दोन मंत्र्यांचे मत जुळले नाही तर प्रकरण मंत्रिमंडळापुढे नेण्याची सोय आहे. राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५ च्या अहवालात तर खुद्द अध्यक्ष फजल अली यांनी हिमाचल प्रदेशाविषयी वेगळी टिप्पणी जोडली. इतर दोघे सदस्य, कुंझरू आणि पणिक्कर, तो पंजाबात विलीन करावा या मताचे होते. हिमाचल वेगळाच राहिला आणि १९७१ मध्ये राज्य झाला.

प्रत्यक्ष कार्यालयात मात्र निराळी रीत. टिप्पणी पटली नाही की वरिष्ठ समासात 'चर्चा करावी' असे लिहितात. चर्चा दालनात, चहाबरोबर होते, आणि फाइलीवर उरते 'चर्चेनुसार'.

एका कंत्राटाच्या मुदतवाढीस माझा विरोध होता. वरिष्ठ मराठीच, वडीलधारे. कित्येक रविवारी मी त्यांच्या घरी जेवलो होतो. दालनात मी माझे म्हणणे स्पष्टपणे मांडले. ते हसून म्हणाले, "अहो, आपल्यात कसला मतभेद?" तोंडी आदेश लेखी करून घ्यावेत, हा सेवानियम मला पाठ होता. तरीही मी 'चर्चेनुसार' लिहून सही केली.

दोन वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप आला. साहेब तोवर निवृत्त झाले होते. आपण त्या वेळी असहमती दर्शविली होती, असे मी लेखापरीक्षकांना सांगितले. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि अत्यंत अदबीने विचारले, "कौन से पन्ने पर, सर?"