जामीन आणि वजन

“डॉक्टर, तो आजारी आहे असं लिहून द्या, म्हणजे जामीन होईल,” एक आई विनवत होती. मुलाच्या खिशात गर्दची पुडी सापडली होती. मी लिहून दिलं. पण तुम्हाला सांगतो, १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कोर्ट आधी वजन पाहतं, तेही भेसळीसकट. हेरॉईन ५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर जामीन सहसा मिळतो. २५० ग्रॅमच्या वर गेलं की कलम ३७ आडवं येतं: आरोपी निर्दोष असावा आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, असं न्यायाधीशांना सकारण वाटावं लागतं. आजारपणाची चिठ्ठी तिथे फारशी चालत नाही.

या मुलाकडे २ ग्रॅम होते, सुटला. कलम ६४-अ मला तेव्हा माहीतच नव्हतं. इतक्या कमी मालाच्या प्रकरणातला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊ लागला, तर खटलाच टळू शकतो. मी ते त्या आईला सांगितलं नाही. तुम्ही वकिलांना नक्की विचारा.